मुले ‘दादा’च्या नादी लागण्याआधी वस्तीने काय करावे?

ग्रंथसेवक, कुपवाड

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका कामगार वस्तीत आम्ही काही जण गेली अकरा वर्षे एक छोटे वाचनालय आणि त्याला जोडून अभ्यासिका चालवतो. मागच्या महिन्यात एका रात्री अभ्यासिका बंद करताना बाकाखाली एक दप्तर राहिलेले दिसले. कोणाचे आहे हे पाहण्यासाठी ते उघडले, तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकामागे, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात गुंडाळून वर रबराची दोन वेटोळी दिलेला कोयता निघाला. पात्याला नुकतीच धार लावलेली होती. मूठ मात्र जुनी, हाताच्या घामाने काळी पडलेली होती, म्हणजे तो कोणाच्या तरी घरातला, रोजच्या कामाचा कोयता असावा.

मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत शिकणारा. तो चौथीत असल्यापासून आमच्याकडे गोष्टींची पुस्तके न्यायला येत असे. दुसऱ्या दिवशी तो दप्तर न्यायला आला; मी दप्तर दिले, कोयता दिला नाही, आणि त्यानेही मागितला नाही. त्या वेळी मी त्याला एक शब्दही विचारू शकलो नाही, ही गोष्ट मला अजून टोचते आहे.

वस्तीतील परिस्थिती थोडक्यात सांगतो. तिशीतला एक माणूस आहे, त्याला सगळी मुले ‘दादा’ म्हणतात. त्याचा वाढदिवस चौकात साजरा होतो, तलवारीने केक कापला जातो, आणि त्याची चित्रफीत रात्रभर सगळ्यांच्या स्टेटसला फिरते. त्याच्याभोवती चौदा ते सतरा वयाची दहा-बारा मुले आहेत. त्यांतील निम्म्यांनी शाळा सोडली असून काही जण गॅरेजमध्ये, काही हळदीच्या गोदामात हमालांच्या हाताखाली काम करतात. पलीकडच्या वस्तीत असाच दुसरा गट आहे. दोन महिन्यांपूर्वी एका रीलवरील शेऱ्यावरून या दोन गटांत मारामारी झाली आणि एका मुलाच्या हातावर बारा टाके पडले. शिवाय अमली पदार्थांची भीती आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये ‘एमडी’चा साठा पकडला आणि पुढे जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखानाच सापडला, तेव्हापासून आमच्याकडच्या आया मुलाला घरी यायला उशीर झाला की दारात येऊन उभ्या राहतात.

आम्ही व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवले, पोलीस ठाण्यातून अधिकारी बोलावले, शपथही घेतली. परंतु ज्यांच्यासाठी हे सगळे केले ती मुले आली नाहीत. मला जाणकारांना विचारायचे आहे की, पोलिसांत कळवले तर या मुलाचे आयुष्य वाया जाईल का, आणि न कळवता आमच्यासारख्या साध्या माणसांना नेमके काय करता येईल?

विधिज्ञा, सातारा

सर, नमस्कार. मी साताऱ्यात वकिली करते आणि काही वर्षे बाल न्याय मंडळावर, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांवरील गुन्ह्यांची प्रकरणे ज्याच्यापुढे चालतात त्या मंडळावर, सामाजिक कार्यकर्ता सदस्य होते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. त्या काळात समोर आलेल्या मुलांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की मूल बोलायला लागले की ते आता येणार हे मला कळत असे: “दादा म्हणाला, तू अठराच्या आतला आहेस, तुला काही होत नाही.” आपल्या प्रश्नातील हिंसा आणि शोषण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला या वाक्यामुळे पटले. मोठ्या माणसाला स्वतःच्या अंगावर गुन्हा घ्यायचा नसतो, म्हणून तो मुलाचे वय वापरतो. त्या मुलाच्या हातातील कोयता जितका खरा, तितकाच तो मुलगाही कोणाच्या तरी हातातील हत्यार झालेला असतो, हेही खरे आहे.

आधी कायद्याचे सांगते, कारण मुलांना त्याविषयी खोटी माहिती दिली जाते. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा घोर गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून घडला, तर मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तेव्हा “काही होत नाही” हे खरे नाही. दुसऱ्या बाजूने, पंधरा वर्षांच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावे लागते, आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने घरी जाऊन त्याच्या परिस्थितीचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून “आयुष्य वाया जाईल” ही आपली भीतीही पूर्ण खरी नाही.

आता ‘दादा’विषयी. याच अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये, मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यासाठी कलम ७७ आहे, तर मुलाकरवी त्यांची विक्री किंवा ने-आण करवणाऱ्यासाठी कलम ७८. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे, अठरा वर्षांखालील व्यक्तीला गुन्हा करण्यासाठी कामाला लावणाऱ्यास किमान तीन वर्षे आणि कमाल दहा वर्षे कारावास आहे. गुन्हा प्रत्यक्ष घडला तर तो जणू त्यानेच केला असे धरून त्या गुन्ह्याचीही शिक्षा होते. ही कलमे कागदावर कडक आहेत. तरी माझ्या अनुभवात ती लागलेली फार क्वचित पाहिली, आणि त्याचे कारण साधे आहे: मुलगा नाव सांगत नाही. थोडी भीती असते, पण त्याहून अधिक निष्ठा असते. ज्याने बूट घेऊन दिले आणि बिर्याणी खाऊ घातली त्याचे नाव पोलिसांपुढे घेणे त्याला विश्वासघात वाटतो. ते नाव आले तर फक्त अशा माणसापुढे येते, ज्याच्याकडे तो अनेक वर्षे येत-जात आहे. सर, आपल्या वस्तीत तो माणूस बहुधा आपणच आहात.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपण त्या मुलाशी आजच बोलावे. आणि पहिला प्रश्न “कोयता का आणलास” हा नसावा, “कोणाची भीती वाटते” हा असावा. पुष्कळ मुले मारायला नाही, मार बसेल या भीतीने हत्यार बाळगतात. कोयता हे शेतीचे अवजार आहे, तेव्हा तो सापडला एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. आई किंवा वडिलांना बोलावून, मुलाच्या समोर, तो त्यांच्या हाती द्यावा. मात्र अमुक दिवशी अमुकावर हल्ला ठरला आहे असे बोलण्यातून कळले, तर एक तासही थांबू नये. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचे नाव विचारून त्याच्याशीच बोलावे. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील विनामूल्य मिळतो, हेही पालकांना सांगावे.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नयेत. मुलाचे नाव, छायाचित्र किंवा शाळेचे नाव वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा ‘तो कोयतावाला’ असे नाव पडले की त्या मुलाला दादाशिवाय दुसरे कोणी उरत नाही. दुसरे असे की, मुलीच्या किंवा मुलाच्या लैंगिक शोषणाचा प्रकार कळला तर तो बैठकीत मिटवू नये. आबांनी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील अंजनीच्या आर. आर. पाटील यांनी, १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यामुळे बांधाचे आणि भावकीचे कित्येक तंटे गावातच मिटले, याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण काही ठिकाणी याच मोहिमेच्या गावसमितीपुढे असे गुन्हेही ‘मिटवले’ गेलेले मी पाहिले आहेत. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

परिचारिका, मिरज

मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते. सरांनी हातावरील बारा टाक्यांचा उल्लेख केला, म्हणून लिहिते आहे. अशा मुलांच्या जखमा बहुतेक वेळा कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला असतात, कारण डोके वाचवण्यासाठी हात आपोआप वर जातो. टाके घालताना ही मुले ओरडत नाहीत. दुसऱ्या हातात मोबाइल धरून पडद्यावर पाहत असतात, आणि बाहेर कट्ट्यावर त्यांचे सात-आठ मित्र बसलेले असतात. पुढची मारामारी ठरते ती तिथे, त्याच रात्री.

मागे आमच्या एका प्रशिक्षणात परदेशातील दोन कामांची माहिती दिली होती. शिकागो शहरात डॉ. गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञांनी २००० मध्ये सुरू केलेल्या कामात, हिंसा ही साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते असे मानून, वस्तीतीलच ओळखीच्या माणसांना भांडणाच्या मध्ये पडून ते थांबवण्याचे काम दिले. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि पुढे त्यांची माणसे रुग्णालयातही बसू लागली, कारण जखमी मुलगा खाटेवर असतो तेव्हाच तो कोणाचे तरी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. त्यांच्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री आमच्या कट्ट्यावर येऊन बसणारा, दोन्ही वस्त्यांत मान असलेला एखादा मोठा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. येतात ते फक्त पोलीस किंवा दादा.

तालमीतला, कराड

परिचारिका ताईंनी लिहिले ते अगदी बरोबर आहे. मी गेली वीस वर्षे कराड तालुक्यात मुलांना कुस्ती शिकवतो. आमच्या शेजारीच खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणले, ती गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याकडे नव्या मुलाचे पाऊल मातीत पडत नाही.

तालमीविषयी आधी एक कडू गोष्ट मान्य करतो. प्रत्येक तालीम मुलांना वाचवतेच असे नाही. काही तालमी आणि अलीकडच्या काही व्यायामशाळा याच दादा लोकांना पोरे पुरवतात. सभेला गर्दी हवी, जागा खाली करून हवी, वसुली हवी, की तिथून गाडी भरून जाते. व्यायामशाळेत ताकद येते म्हणून इंजेक्शने टोचली जातात. त्यांतले एक रक्तदाब एकदम उतरलेल्या रुग्णाला देण्याचे औषध आहे, आणि ते सोळा वर्षांच्या पोराच्या शिरेत जाते. तेव्हा “मुलांना तालमीत घाला” एवढे सांगून भागणार नाही. तालमीचा वस्ताद कोण आहे, तो रात्री कोणाच्या गाडीतून फिरतो, हे वस्तीने पाहिले पाहिजे.

पण जिथे वस्ताद सरळ आहे, तिथे काय होते ते मी पाहिले आहे. मुलगा पहाटे पाच वाजता येतो. पाच दहा झाले आणि तो आला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. माझ्या मते सगळे काम एवढेच आहे: तो आला नाही हे कोणाच्या तरी लक्षात येणे. हळद, ताक, तेल घालून माती मळायला आम्ही मुद्दाम भांडकुदळ पोरांना लावतो, आणि ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याच बरोबर लावतो. दोघांनी मिळून फावड्याने आखाडा उलटायचा म्हणजे दोन तास जातात, बोलल्याशिवाय काम होत नाही. कुस्तीला खुराक लागतो, दूध-बदाम गरिबाच्या पोराला परवडत नाही, हे खरे आहे. म्हणून आम्ही अर्ध्या पोरांना कबड्डी आणि धावण्याकडे वळवले. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. सांगलीत चहाची टपरी चालवणाऱ्याच्या घरातल्या संकेत सरगरने २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलून रौप्यपदक मिळवले. ही नावे पोरांना पाठ आहेत. सगळी पोरे पदक आणणार नाहीत, पण संध्याकाळी सहा ते दहा ही वेळ कोणाच्या ताब्यात आहे, यावर पुष्कळ काही ठरते. सर, आपली अभ्यासिका किती वाजता बंद होते?

माणदेशी शिक्षिका

वरील सर्व चर्चा मुलग्यांविषयी झाली, ती आवश्यकच होती. मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. कोयता हा शब्द वाचून मात्र मला आमच्याकडचा आणि बीडकडून येणाऱ्या कुटुंबांकडचा त्याचा दुसरा अर्थ आठवला. ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर देतो. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे कराड, वाळवा, पलूसकडे कारखान्यांच्या तळावर उतरतात आणि शिमग्यानंतर परत जातात. तेवढ्या महिन्यांत त्यांच्या मुलांची शाळा तुटते. मोठी मुलगी पाठच्या भावंडांना सांभाळते. तिला एकटी कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, कशी ठेवायची या धास्तीने तिचे लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकले जाते, आणि मग नवा कोयता तयार होतो. मुलगा तेराव्या वर्षी मोळ्या वाहू लागतो. सरांच्या हाती आलेल्या कोयत्याची मूठ घामाने काळी पडलेली होती हे वाचून, तो घाम कोणाचा असेल, याचा मी बराच वेळ विचार केला.

गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर असते, अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. पण तीच सेविका त्याच गल्लीत राहते, तिच्याविरुद्ध राग धरला जातो. आमच्याकडे यावर एकच उपाय चालला. तक्रार कोणी केली हे बाहेर पडू नये म्हणून आम्ही शिक्षिका, सेविका आणि आशाताई एकाच वेळी घरी जातो, आणि धमकीने सुरुवात करत नाही. वसतिगृहाचा प्रवेश अर्ज बरोबर नेतो. “लग्न करू नका” असे सांगण्यापेक्षा “ती या सहा महिन्यांत कुठे राहील” याचे उत्तर घेऊन गेले, तर आई ऐकते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, तेव्हाही अडचण हीच होती: मुलाला शिकायचे आहे, पण राहायचे कुठे आणि जेवायचे काय.

शहरातील मुलींविषयी एक सूचना करते. दादाच्या भोवती जी मुले असतात त्यांच्या बहिणी आणि मैत्रिणी यांच्याशी कोणीतरी बोलत राहावे. छायाचित्रे पसरवण्याची धमकी देऊन मुलीला गप्प बसवणे हे आता आमच्या खेड्यातही होते, आणि ती मुलगी ते भावाला सांगत नाही, कारण भाऊ कोयता काढेल ही तिची भीती असते. ती बाईमाणसालाच सांगेल. आपल्या वाचनालयात संध्याकाळी एखादी ताई बसते का?

तासगावचा एक मुलगा

मी आता चोवीस वर्षांचा आहे आणि वेल्डिंगचे काम करतो. सोळाव्या वर्षी एका मारामारीत माझे नाव होते आणि मी चार महिने निरीक्षणगृहात होतो. वकील ताईंनी लिहिलेले वाक्य मलाही सांगितले गेले होते.

दादाने मला पहिल्यांदा मारामारीला बोलावले नव्हते, जेवायला बोलावले होते. माझे वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचे, आई पण जायची, दोघे रात्री नऊला यायचे. मी घरी एकटा असायचो. तो विचारायचा, जेवलास का. घरात तसे विचारायला कोणाला सवडच नव्हती, यात आईवडिलांचा दोष नाही. पुढे त्याने माझ्या नावाने बँकेत खाते काढायला लावले, पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवले, आणि मला दोन हजार रुपये दिले. त्या खात्यावर फसवणुकीचे पैसे येत होते हे मला नंतर समजले. सर, तुमच्याकडच्या पोरांना ही गोष्ट जरूर विचारा. मारामारीविषयी ती सांगणार नाहीत, खात्याविषयी सांगतील, कारण त्यात चूक आहे असे त्यांना वाटतच नाही.

निरीक्षणगृहात भेटीच्या दिवशी आई एसटीने यायची. तिच्याकडे डब्यात शेंगाची चटणी आणि भाकरी असायची. ती चार तास प्रवास करून यायची आणि समोर बसल्यावर फक्त डब्याकडे बघायची. दादा एकदाही आला नाही, त्याने कोणाला पाठवलेही नाही. त्याचे नाव मी त्या दिवसापर्यंत सांगितले नव्हते. नंतर सांगितले.

सुटून आल्यावर शाळेने दाखला हातात दिला. कायद्याने मला परत घ्यायला हवे होते, असे मला पुढे एका परिविक्षा अधिकाऱ्याने सांगितले, पण तोपर्यंत वर्ष गेले होते. कामाला कोणी ठेवत नव्हते. एका फॅब्रिकेशनवाल्या काकांनी ठेवले. त्यांनी मला काही विचारले नाही, पहिल्या दिवशी डोळ्यांवरचा चष्मा दिला आणि म्हणाले, हा न घालता वेल्डिंगकडे बघायचे नाही. सुटून आलेल्या मुलासाठी असा एक माणूस आधी शोधून ठेवा, असे मला सांगायचे आहे. सुटल्यावर शोधायला उशीर होतो, कारण दादाची गाडी पहिल्याच आठवड्यात दारात येते.

ग्रंथसेवक, कुपवाड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्यामुळे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी मी प्रश्नात लिहिली नव्हती. आमचे वाचनालय आणि वस्तीचे गणेश मंडळ यांची कार्यकारिणी जवळपास एकच आहे. गेली तीन वर्षे मंडळाच्या वर्गणीत सर्वांत मोठी रक्कम त्या ‘दादा’ची असते, आणि मंडपाच्या कमानीवर त्याचा फ्लेक्स लागतो. मागच्या वर्षी आरतीचा पहिला मान त्याला दिला गेला. त्या वेळी मुले पुढे बसलेली होती, आणि हा मुलगाही त्यांत होता. आम्ही सभ्य माणसांनी ताट त्याच्या हाती दिले, मग मुलांनी त्याला मोठे मानले यात त्यांची काय चूक, हा प्रश्न तासगावच्या भावाचे पत्र वाचल्यापासून मला झोपू देत नाही.

काल मी त्या मुलाच्या घरी गेलो. विधिज्ञा ताईंनी सुचवल्याप्रमाणे, कोणाची भीती वाटते, एवढेच विचारले. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. पलीकडच्या वस्तीतील मुले त्याला शाळेच्या वाटेवर अडवतात; घरच्यांना सांगितले तर वडील मारतील, पोलिसांना सांगितले तर दादा रागावेल, म्हणून त्याने आजोळहून कोयता आणला होता. आजोबा ऊसतोडीला जात असत. आईसमोर मी तो परत दिला. आईने तो पदरात गुंडाळून आत नेला. बँकेच्या खात्याविषयीही मी विचारले. त्याचे नाही, पण त्याच्या दोन मित्रांची खाती काढलेली आहेत.

अभ्यासिका सध्या आठला बंद होते. ती दहापर्यंत चालू ठेवायची असे आम्ही तिघांनी ठरवले आहे, आणि अंगणवाडीतील एक ताई आठवड्यातून तीन दिवस बसायला तयार झाल्या आहेत. पलीकडच्या वस्तीतील मशिदीचे एक विश्वस्त आणि आमच्याकडचे एक निवृत्त मुकादम, दोघेही एके काळी एकाच कारखान्यात होते. शाळेच्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ ते दोघे मिळून उभे राहणार आहेत. वर्गणीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ती नाकारली तर मंडळ दोन तुकड्यांत फुटेल, आणि निम्मी मुले त्याच्या नव्या मंडळात जातील, अशी सहकाऱ्यांना भीती आहे.

विधिज्ञा, सातारा

त्या दोन खात्यांचे काम आधी करा, सर, वर्गणीचे नंतर. मुलांना पालकांसह बँकेत नेऊन खाते गोठवण्याचा लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि १९३० या सायबर क्रमांकावर माहिती नोंदवा. कोणाची तक्रार येण्याआधी ती मुले स्वतः पुढे आली, याची कागदावर नोंद असणे पुढे त्यांच्या फार उपयोगी पडेल. मुले एकटी बँकेत जाणार नाहीत. आपण बरोबर जा.

तालमीतला, कराड

वर्गणीबाबत आमच्याकडे असे घडले होते. आम्ही कोणा एकाची नाकारली नाही. कोणाचीही वर्गणी पाचशे एक रुपयांच्या वर घ्यायची नाही आणि कमानीवर कोणाचाच फोटो लावायचा नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत केला. डॉल्बी गेला, मंडप लहान झाला, त्या वर्षी वीस-पंचवीस पोरे दुसऱ्या मंडळात गेली. पुढच्या वर्षी त्यांतली दहा-बारा परत आली, बाकीची आली नाहीत. ती का आली नाहीत याचे दुःख मला आजही आहे. पण आरतीचे ताट तेव्हापासून दहावी पास झालेल्या पोरा-पोरींच्या हाती असते.

तुमच्या त्या मुलाला सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे पाठवा. राहायची सोय तालमीत आहे. येताना त्याच्या वडिलांना बरोबर येऊ द्या, मला त्यांच्याशीही बोलायचे आहे.